पोहण्याआधीची अंघोळ

शनि., ३१ मे, सेम्बावांग
बॅगा भरून झाल्या. इराच्या शाळेला सुट्टी लागली, उद्या विमान, पार उत्तरेला. इथे बारमाही उकाडा, म्हणून आईंसाठी तोआ पायोह भागातल्या दुकानातून थंडीचे कपडे आणले, पोहण्याचा पोशाखही. मनगटापासून घोट्यापर्यंत झाकणारा, पाठीला चेन. तिकडे उघड्यावर गरम पाण्याचे तलाव असतात, इराचा जीव त्यातच अडकलाय. आई म्हणाल्या, "मी काठावर बसेन गं. मला कशाला?" म्हटलं, एवढ्या लांब जाऊन काठावर कुणी बसतं का. मिलिंदचे बाबा गेल्यावर त्या पुण्याहून आमच्याकडे आल्या, त्याला वर्ष होईल. या वर्षात त्यांना कुठे नेलं नाही. मिलिंदच्या मनाला ते लागलंय, म्हणून हा बेत.

सोम., २ जून, रेक्याविक
पोचलो. राजधानी म्हणायची, पण हॉटेलमधून निघून जरा चाललं की समुद्र. पलीकडे डोंगर, माथ्यावर अजून बर्फ. नळाच्या गरम पाण्याला अंड्यासारखा वास. आईंनी आधी नाक मुरडलं, मग म्हणाल्या, "जमिनीच्या पोटातलं आहे, येणारच."
कॅफेत इरा केक निवडत होती, तेवढ्यात आईंनी पर्समधून दशम्या काढल्या. मी टेबलाखाली त्यांचा हात दाबला. "आई, इथे नको." त्यांनी फडकं परत बांधलं. शेजारचे म्हातारा-म्हातारी आमच्याकडे बघतही नव्हते.

मंगळ., ३ जून
धबधबा. आवाज एवढा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. आई कठड्याला धरून उभ्या, दुसरा हात इराच्या हातात. चष्मा पुसायच्या, परत बघायच्या. नंतर गरम पाण्याची कारंजी उडतात तिथे गेलो. जमीन नुसती फुसफुसत असते. पाणी वर उसळलं की आई टाळ्या वाजवत. लोक वळून बघायला लागले. मी जरा बाजूला जाऊन उभी राहिले, जणू दुसऱ्याच कुणाबरोबर आलेय.

बुध., ४ जून
कसं लिहू.
तलावावर गेलो. मिलिंद पुरुषांच्या बाजूला, आम्ही तिघी इकडे. पाण्यात उतरण्याआधी अंगावर काही न ठेवता साबणाने अंघोळ करायची, असा नियम. भिंतीवर माणसाचं चित्र, कुठे कुठे धुवायचं ते लाल रंगाने दाखवलेलं. बायका तशाच उभ्या राहून निवांत गप्पा मारत होत्या. मी खाली बघत उरकलं. इरानेही. आई मात्र पोशाख घालूनच शॉवरखाली.
देखरेखीची बाई आली. शांतपणे इंग्रजीत म्हणाली, हे काढून धुवावं लागेल. आईंनी मान हलवली. नाही. बाईने परत सांगितलं. दोघीतिघींनी वळून पाहिलं. मला वाटलं, आता या बायका म्हणणार, ही माणसं अशीच.
"आई, काढा ना. इथे तुमच्याकडे बघायला कुणाला वेळ आहे? किती लाजवाल मला."
"मेधा, मी बाहेर थांबते."
"दर वेळी तुमचं काहीतरी असतंच."
आणि मी मागून चेन ओढली. हो, मीच. या हाताने.
मग त्यांनी स्वतःच खांदे सोडवले. डाव्या बाजूला स्तन नाही. काखेपर्यंत गेलेला व्रण.
त्या बाईने पटकन टॉवेल आणून त्यांच्याभोवती गुंडाळला, कोपऱ्यातल्या पडद्याच्या न्हाणीकडे नेलं. ती न्हाणी तिथेच होती. मी एकदा विचारायला हवं होतं, बस.
इरा हळूच म्हणाली, "शी सेड नो, ममा. व्हाय यू फोर्स हर लाइक दॅट?" तेरा वर्षांची पोर.
आई पाण्यात उतरल्या, गळ्यापर्यंत. पलीकडून मिलिंदने हात केला, "आई, कसं वाटतंय?"
"छान आहे रे," म्हणाल्या.

गुरु., ५ जून
सकाळी दोघीच बंदरावर. त्यांनीच विषय काढला. चार वर्षांपूर्वीचं ऑपरेशन. आम्हाला फोनवर एवढंच कळलं होतं की गाठ काढली, किरकोळ. "तुम्हाला येता येत नव्हतं. सांगून काय, तुम्ही तिकडे रडत बसला असता. ह्यांनी सगळं केलं माझं. नंतर सांगायचं राहून गेलं."
तेव्हा साथीमुळे विमानं बंद होती, खरंय. पण सुरू झाल्यावरही आम्ही लगेच कुठे गेलो? आधी फ्लॅटचं काम काढलं.
"मिलिंदला सांगू नकोस," म्हणाल्या.
मी माफी मागितली. त्या समुद्राकडे बघत होत्या. "वारा फार आहे. चल आत."

सोम., ९ जून, सेम्बावांग
परत आलो. ऑफिस. रॅफल्स प्लेस स्टेशनला उतरले आणि भलत्याच बाजूने बाहेर पडले. टीममधल्या मुली विचारत होत्या, फोटो दाखव. धबधब्याचे दाखवले.
आई आतले कपडे खोलीतच टॉवेलखाली वाळत घालतात, म्हणून मी किती कुरकुरले होते. कुबट वास येतो, बाहेर बांबूवर घाला. मिलिंदजवळ हसलेही होते त्यावरून.
इरा माझ्याशी कामापुरतं बोलते. संध्याकाळी आजीच्या खोलीत दार लावून बसते.

गुरु., १२ जून
आज विचारलंच. औषध चालू आहे का?
"गोळ्या होत्या. हे आणायचे. हे गेले, मग मी इकडे आले. बरोबर आणल्या तेवढ्या घेतल्या."
"म्हणजे बंद?"
"मागायच्या तर सांगावं लागलं असतं ना."
बसले तिथेच पलंगावर. म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ, लगेच, मिलिंदला सांगू. त्यांनी कपड्यांच्या घड्या घालायचं थांबवलं. आवाज चढवला नाही.
"एकदा लावलंस ना मला सगळ्यांसमोर कपडे काढायला. आता परत नको लावूस."
घड्या घालू लागले त्यांच्याबरोबर. आज नाही सांगितलं तर चूक, सांगितलं तर पुन्हा तीच चेन ओढल्यासारखं.

शनि., १४ जून
मंगळवारची वेळ घेतलीय, लेडी डॉक्टरची. माझ्या नावाने एक, त्यांच्या नावाने एक. आईंना सांगितलं, मलाही तपासून घ्यायचंय, कधी केलेलं नाही. तुम्ही नुसत्या चला. आत यायचं की नाही, ते तिथे ठरवा. बाहेर बसलात तरी चालेल, मी काही म्हणणार नाही.
"बघू," एवढंच.
संध्याकाळी आई पोळ्या लाटत होत्या, मी भाजत होते. मिलिंद फोनवर कॅलेंडर बघत आला. ते आमचं दोघांचं सामाईक आहे, हे मी विसरलेच होते. "मंगळवारी क्लिनिक? कुणासाठी?"
मी आईंकडे पाहिलं. त्यांनी लाटणं थांबवलं नाही.
"मेधाला बरं वाटत नाहीये," म्हणाल्या. "मी जातेय तिच्याबरोबर."
जातेय म्हणाल्या.
मिलिंदने गॅस बारीक केला, मला स्टुलावर बसवलं. कपाळाला हात लावून बघितला. "बोलली नाहीस ते? काय होतंय?" त्याचा चेहरा एवढासा झालेला. मी त्याला हात तसाच ठेवू दिला. मागे आई पोळी तव्यावर टाकत होत्या, आमच्याकडे पाठ करून.