रशीदाबीच्या करीमचा कोरा दंड

ईट, मंगळवार, फेब्रुवारी १९६१

रशीदाबी खोटं बोलते का? गेल्या आठवड्यात तिच्या दोन्ही लेकरांना मी देवीची लस टोचली. आज बघायला गेलो, तर मुलीच्या दंडावर लस लागल्याचा टपोरा फोड आणि धाकट्या करीमचा दंड कोरा. मला वाटलं, माझी पाठ वळताच हिनं लस पुसली. पुष्कळ बाया पुसतात. पण शेजारच्या गावात देवी आलीय. हे पोरगं दगावलं तर? मी दारातच आवाज चढवला.

ती शांतपणे म्हणाली, "साहेब, पुसायचंच असतं तर पोरीचं न्हाय का पुसलं असतं? त्या दिशी करीमला लई सर्दी होती. तुमच्या म्होरंच शिंकत होता की."

शिंकत होता, हे खरं. दवाखान्यातले नवे डॉक्टर मागं म्हणाले होते, एका रोगाचे विषाणू अंगात शिरले की शरीर आपणहून पहारा बसवतं, मग कधी कधी दुसऱ्या विषाणूलाही थारा मिळत नाही. लसही जिवंत विषाणूचीच; सर्दीनंच ती अडवली असेल? की हे सगळं तिच्या सोयीचं? लस बिघडली म्हणावी, तर दोघांना एकाच नळीतली. तो कोरा दंड काही डोळ्यांपुढून हलत नाही.

करीमची सर्दी गेलीय, म्हणून पुन्हा टोचलं. पिशवी आवरून निघालो, तर रशीदाबी म्हणाली, "बसा. वाळूस्तवर बघा, मग जावा." पोराचा हात धरून ती माझ्यासमोर ओट्यावर बसली. मीही बसलो. लस वाळेपर्यंत तिनं माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही.