वर सोडलेल्या सळया

पुणे, १२ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप काशीरामकाकांस, प्राचीचा शि. सा. न. वि. वि.

घराचे नकाशे सोबत पाठवते आहे. तळमजला तुम्हा दोघांना, वरचा निकेशदादाला, असं तुम्ही सांगितलंत तसंच धरलं आहे. तुळया, खांब, पाया यांची मापं काढताना कॉम्प्युटरने हजारो पर्याय ताडून पाहिले. घराचं वजन निर्धोक पेलून सिमेंट-लोखंड कमीत कमी लागेल तो पर्याय ठेवला, आणि मी तो तपासला आहे. खांब शेजाऱ्यांपेक्षा बारीक दिसले तरी घाबरू नका.

निशाताई माहेरी आल्याचं आई म्हणाली. राहणार आहे ना थोडी? काकूंना नमस्कार. माझ्यावरची माया आहे तशीच राहू द्या.

आपली,
प्राची

पळस्पे, ९ मार्च २०२५

चि. प्राचीस काकाचे अनेक आशीर्वाद.

आमच्या घरात फोनवर बोललेलं सगळ्यांच्या कानावर जातं, म्हणून लिहितो. वरचा स्लॅब भरून झाला. शेजारचा विठू खांब बघून म्हणाला, की पुतनी शिकली, पन लोखंडाला चिकट हाय. मी म्हटलं, की तिची आजी मिठाला तशीच होती, पण कालवण कधी अळणी झालं नाय.

सळया मात्र गावच्या रीतीप्रमाणे वर कमरेएवढ्या सोडल्या आहेत. दिवाळीनंतर आणखी एक मजला चढवावा म्हणतो. निशा इथेच आहे. तिचं कुणाकडे काही विचारू नकोस. जिवाला जप.

तुझा,
काका

पुणे, १४ मार्च २०२५

तीर्थरूप काकांस शि. सा. न.

पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसले. सळया रीतीच्या असतील, पण खालचा पाया दोनच मजल्यांचा आहे. जास्तीचं सगळं मी वगळलं, कारण तिसऱ्या मजल्याचं तुम्ही बोललाच नाहीत. रीत मलाही ठाऊक होती, मी विचारायला हवं होतं.

आहे त्या पायावर मजला चढवू नका, तुम्हाला माझी शपथ. हवाच असेल तर पाये एकेक करून उकरून रुंद करावे लागतील, खांबांना बाहेरून सिमेंट-लोखंडाचा नवा वेढा द्यावा लागेल. अंगण खणलं जाईल. नको असेल तर सळया कापून टाका, घर आहे तसं भक्कम आहे. काय ते कळवा, आणि रागावू नका.

तुमची,
प्राची

पळस्पे, २० एप्रिल २०२५

चि. प्राचीस आशीर्वाद.

रागावलो होतो, खोटं कशाला बोलू. तुझ्यावर थोडा, स्वतःवर जास्त. तुझं पत्र आल्यावर फोनवर नुसतं नवा नकाशा काढ म्हणालो, कारण सांगितलं नाही. मजला निशासाठी आहे. ती सासरी परत जाणार नाही हे मला गणपतीपासून ठाऊक होतं. पण तोंडाने बोललो असतो तर ते खरं झालं असतं, म्हणून तुलाही बोललो नाही.

तुझी काकू म्हणाली, की अंगण खणलं की लोक विचारतील. निकेश म्हणाला, की त्यापेक्षा माझ्या मजल्यातली एक खोली तिला देऊ. निशा भांडी घासत राहिली. ते मला बघवलं नाही.

काल पहिला पाया उकरायला घेतला. विठू कुंपणाशी येऊन विचारू लागला, की नवं घर खचलं का काय. सगळी आळी ऐकत होती. मी मोठ्याने सांगितलं, की खचलं नाय, निशाचा मजला चढवायचा हाय, ती आता इथंच राहनार. पोरगी दारातच उभी होती. आत गेली, बऱ्याच वेळाने बाहेर आली आणि माती उचलायला घमेलं घेतलं.

संध्याकाळी म्हणाली, की स्वयंपाकघराची खिडकी कर्नाळ्याच्या किल्ल्याच्या बाजूला हवी. घरी आल्यापासून तिने पहिल्यांदाच काही मागितलं. तेवढी खिडकी नकाशात बसव, पोरी.

तुझा,
काशीरामकाका