मेन जेटचा नंबर

अण्णा, तुमची गाडी मी बिघडवली. आधी हेच सांगून टाकते, नाहीतर इकडच्या तिकडच्या गप्पा मारत बसेन. तुम्ही गेल्यावर नऊ वर्षं ती तुम्ही लावून दिलेल्या कार्ब्युरेटरवर मला मसोलीहून तलासरीच्या शाळेत नेत-आणत होती. मध्यंतरी चारोटीच्या पुढे मिसिंग सुरू झालं, इंजिन मधेच अडखळायला लागलं. रविवारी मागच्या ओट्यावर, तुमच्यासारखंच, स्टीलच्या ताटात कार्ब्युरेटर उघडला. मेन जेटमध्ये, पेट्रोल जातं त्या पितळेच्या बारीक भोकात, कचरा अडकला होता. फुंकून निघेना, तेव्हा मी शिवणाची सुई घातली. हो, सुईच. लग्नाआधी एकदा मी ती नुसती उचलली, तर तुम्ही हातावर फटका मारला होता. "पितळ मऊ असतं. भोक केसभर मोठं झालं तरी गाडी पेट्रोल पिते." मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते.

आता प्लग काजळीने काळा होतो, पिकअप गेलाय. कंपनीचा जेट काढून तुम्ही लहान बसवला होता, एवढं ठाऊक आहे. किती लहान, ते नाही. त्याच्यावरचा आकडा घासून गेलाय. चारोटीचा दुकानदार म्हणाला, बेन, नंबर सांगा, लगेच देतो. मी तीन वेगवेगळे आणले. दर रविवारी एक बसवते, एअर स्क्रू पाव-पाव फेरी फिरवते, कान लावते. एकावर गाडी दम धरत नाही, दुसऱ्यावर तापते, तिसऱ्यावर चालते बापडी. त्या तिसऱ्यावर आईला विवळवेढ्याला देवीला नेलं. उतरल्यावर ती म्हणाली, "चांगली चालते गं. पण त्यांची वाटत नाही." तुमचं म्हणून तिच्याकडे गाडीचा तो एक आवाजच तर उरला होता. मी हेल्मेट न काढताच रडले. तिला म्हटलं, हल्लीचं पेट्रोलच तसं येतं. तिने मान हलवली. मला काही म्हणजे काही सुचत नाही, अण्णा.

हे वहीतच राहणार, म्हणून लिहिते. तो जेट बसवलात ती दुपार मला लख्ख दिसते. तुम्ही ओट्यावर मांडी घालून बसलाय, पेट्रोलने बोटं पांढरी पडलीत. आत हाक मारता, नंबर मोठ्याने सांगता, म्हणता, पोरी, लिहून ठेव, पुढे लागेल. मी स्वयंपाकघरात मैत्रिणीशी फोनवर बोलतेय. थोड्या वेळाने तुम्ही विचारता, "लिहिलंस का?" मी हो म्हणते. लिहिलं नव्हतं.