दहा मेची पहाट

१३ एप्रिल, शनि.

ऑगस्टनंतर आज पहिली ओळ. बाबा गेले त्या आठवड्यापासून वही कपाटात पडून आहे. वेळ नव्हता म्हणणं खोटं. लिहायला बसलो तर खरं लिहावं लागेल, म्हणून बसलो नाही. वहीची माफी मागायची असेल तर एवढ्यावर मागतो.

आज विषय साधा आहे. सुट्टी. संध्याकाळी गच्चीवर समोरच्या फ्लॅटमधले जिग्नेशभाई म्हणाले, या मेमध्ये दोन्ही घरांनी गाड्या काढायच्या आणि कोकणाचा किनारा धरून थेट मालवणपर्यंत जायचं. मी हो म्हणायच्या आत माझी नेमणूकही झाली. "पाटीलभाई, आगळ तमारी गाडी. तमारो तो दरियो छे ए." पुढे माझी गाडी, कारण समुद्र माझा; इथल्या गुजराती माणसाला मराठी म्हटला की तो कोकणचाच.

आमचं गाव अमळनेरच्या पलीकडे. तिथून समुद्र किती लांब, हे मला शाळेच्या नकाशात बोट ठेवून शोधावं लागलं होतं. कोकणात मी पाऊल ठेवलेलं नाही. हे तिथेच सांगता आलं असतं. मी हसलो आणि म्हणालो, हर्णैला सकाळी माशांचा लिलाव बघण्यासारखा असतो.

हे मी व्हिडिओत बघितलं होतं.

१७ एप्रिल, बुध.

रामनवमी, युनिट बंद. दिवसभर नकाशा. पनवेल, माणगाव, दापोली. दाभोळला गाडी फेरीबोटीवर चढवायची, पलीकडे गुहागर. तवसाळहून पुन्हा बोट, जयगड, गणपतीपुळे. मग विजयदुर्ग, देवगड, मालवण.

ऋतू शेजारी येऊन बसली. दहावी झाली तेव्हापासून घरात गुजरातीच बोलते, पण आज मराठीत विचारलं, "पप्पा, बोट बुडाली तर गाडीचं काय?" वैशाली स्वयंपाकघरातून म्हणाली, "आणि तुझं काय, ते नाही विचारणार?" खूप दिवसांनी घरात हसणं झालं. मन लागलं. ते लागलं याचंच थोडं वाईट वाटलं. वर्षही झालेलं नाही.

२० एप्रिल, शनि.

गच्चीवर तारीख ठरली. दहा मे, शुक्रवार, पहाटे पाचला निघायचं. जिग्नेशभाईंच्या बायकोने फोनमधलं कॅलेंडर बघून सांगितलं की त्या दिवशी अखात्रीज, मुहूर्त बघायलाच नको. सगळे खूश. वै.ही खूश, ती सोलापूरची, त्यांच्याकडे या दिवसाचं फारसं काही नसतं. मीही मान डोलावली. दापोलीची खोली तिथल्या तिथे सांगून टाकली.

जिना उतरताना तिसऱ्या मजल्यावर पाय थांबला. अखात्रीज म्हणजे अक्षय्य तृतीया, म्हणजे आमची आखाजी. बाबा गेल्यावरची पहिली, त्यांच्या नावाची घागर भरायची आखाजी.

चार पायऱ्या परत चढून सांगायचं होतं. उतरलो.

२१ एप्रिल, रवि.

कोसाडला आईकडे. ती अजून बाबा असतानाच्या त्याच वसाहतीत एकटी राहते, आमच्या फ्लॅटमध्ये करमत नाही म्हणते. मी बसायच्या आधीच तिने आखाजी काढली. बहीण संगी गावाहून सात तारखेला येणार. पहिल्या वर्षाची घागर, तेव्हा नवी आणायची. सांजोऱ्यांचा रवा संगी आल्यावर भाजायचा. घागरीवर ठेवायला डांगर, म्हणजे खरबूज, अमरोलीच्या बाजारात चांगलं मिळतं. सगळं ठरवून बसली होती. माझं काम एवढंच, की सकाळी बाबांच्या नावाने घागरीत पाणी घालायचं आणि उंबऱ्यावर एकेका पूर्वजाचं नाव घेऊन कुंकवाचं बोट लावायचं. इतकी वर्षं ते बाबा करत.

मी म्हणालो, त्या दिवशी मला कंपनीच्या कामाने बाहेरगावी जावं लागणार आहे.

किती सहज आलं ते तोंडात. जिन्यात तयार करून ठेवलं होतं का?

आई म्हणाली, "कामच शे, त्याले काय करशी." आणि चहा ठेवायला उठली.

२४ एप्रिल, बुध.

पलसाण्याच्या युनिटमध्ये आज रंगवलेल्या कापडाचा एक लॉट नापास केला. लॅबच्या ट्यूबलाइटखाली शेड तंतोतंत जुळत होती, दारात उन्हात नेली तर हिरवट. नव्या मुलीला मी शहाणपणाने सांगितलं की शेवटचा निर्णय उन्हात घ्यायचा.

घरी येताना माझ्याकडची कारणं मोजत बसलो. ऋतूला पुढच्या वर्षी बारावी. वै.ने आठ महिने काहीही मागितलं नाही. खोल्या ठरल्यात. शिवाय बाबा स्वतः असल्या गोष्टींचं अवडंबर करत नव्हते.

शेवटचं तर सरळ खोटं. मिलमध्ये ते वर्षात एकदाच सुट्टी मागत, ती आखाजीला. आमच्या लहानपणी सहल म्हणजे तेवढीच, ताप्ती लाइनच्या गाडीत खिडकीवरून संगीशी भांडत गावाला जाणं. समुद्र नाही, डोंगर नाही. मला त्याचा राग येई. वर्गातली मुलं माथेरानला जात.

म्हणजे हा सूड वगैरे आहे का? नाही. इतकं मोठं काही नाही. मला फक्त जायचं आहे.

२८ एप्रिल, रवि.

कोसाड. वसाहतीच्या गच्चीवर आई आणि शेजारच्या शांताबाई कुरडया घालत होत्या. मला बघून शांताबाई म्हणाल्या, "या साहेब. कंपनी तुम्हाला परगावी पाठवते म्हणे. माझ्या पोराला तर कंपनी गेटबाहेर चहालाही पाठवत नाही."

आईने गल्लीभर सांगितलंय. अभिमानाने. पोराचं आखाजीला नसणं झाकायला तिने माझंच खोटं वापरलं, आणि ते खोटं आहे हे तिला माहीत नाही.

मी कुरडयांच्या कागदाचं टोक धरून उभा राहिलो. वारा होता. तेवढंच काम जमलं.

१ मे, बुध.

जिग्नेशभाईंना सांगायचं ठरवून गेलो, न सांगता आलो. सांगितलं तर तो माणूस एका मिनिटात तारीख बदलेल, मला खात्री आहे. बाबांच्या वेळी अश्विनीकुमारच्या स्मशानात तो सकाळपासून माझ्यासोबत होता, बूटही न घालता आला होता. अडचण तीच आहे. तो विचारेल, पहिल्या दिवशीच का नाही बोललात? काय सांगू? की तुम्ही मला कोकणचा समजत होतात आणि मला ते आवडलं होतं? तिथे आखाजी, अमळनेर, मिल हे सगळं आणायचं नव्हतं?

लिहिल्यावर कळतंय, हे खरं आहे.

५ मे, रवि.

कोसाड. आई वाळलेल्या कुरडया डब्यात भरत होती. एक डबा तिच्याकडे, एक आमचा. तिसरा छोटा. हा कोणाला म्हणून विचारलं, तर तुझ्यासोबत येणाऱ्या लोकांना दे म्हणाली. मी बरं म्हटलं.

मग डब्याचं झाकण दाबता दाबता, माझ्याकडे न बघता, तिने विचारलं,

"बोटवर खरंच गाडी चढस का रे भाऊ?"

बोटीचं मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. ऋतू रोज संध्याकाळी आजीला फोन करते. तिला गप्प राहायला सांगण्याइतका मी निर्लज्ज नव्हतो, किंवा ते सुचलं नव्हतं.

मी म्हणालो, चढते.

"आन् माणसे? गाडीमाच बसतस का उतरतस?"

उतरलं तरी चालतं, म्हणालो. मग म्हणालो, आई, मी… तिने पुढे बोलू दिलं नाही. तू जाय, म्हणाली. पोरीले दखाड दर्या. "संगी भरी दी घागर. पन घागर तेवढी तू लई ये. लालच आन, काळी नको."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं लिहिणार होतो. पण तेही माझ्याच सोयीचं आहे. ती चिडली असती तर मला भांडता आलं असतं.

कुरडयांचा छोटा डबा पिशवीत घालून आणला. जिग्नेशभाईंच्या बायकोला दिला. तिने लगेच चार तळल्या. छान झाल्या होत्या म्हणे.

७ मे, मंगळ.

संगीला घ्यायला स्टेशनला गेलो. तीन पिशव्या, एकीत गावचं गूळ-खोबरं. गाडीत पिशव्या पायाशी घेऊन बसली. तापी ओलांडताना सुरू झाली. आईने फोनवर सगळं सांगितलंय, तक्रार म्हणून नव्हे, व्यवस्था म्हणून: तू भर, तो नाहीये.

"मला येत नाही असं नाही, दादा. मी भरेन. नावंही मला येतात, पणजोबापर्यंत. तुला येतात?"

मला आजोबांपर्यंतच येतात.

"भरेन मी. पण मग पुढच्या वर्षी तू येऊन पुढे बसायचं नाहीस. हे एक दिवसाचं काम म्हणून माझ्याकडे देऊ नकोस. द्यायचं तर कायमचं दे."

मी म्हणालो, एवढं ताणू नकोस. ती म्हणाली, "मी कुठं ताणतेय. मी तर तुझा भार हलका करतेय." आणि खिडकीची काच खाली करून बाहेर बघत बसली. लहानपणी खिडकीसाठी भांडायची तशीच. फक्त आता मी तिच्याशी भांडत नव्हतो.

कोसाडला दोघींना भेटवून लगेच निघालो. आई जेवून जा म्हणाली. थांबलो नाही.

८ मे, बुध.

संध्याकाळी खाली जिग्नेशभाई माझ्या गाडीवर कॅरियर बसवत होते. स्वतःच्या नव्हे, माझ्या. पुढची गाडी माझी ना. मी पाना धरून उभा. दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा त्यांनी विचारलं की दाभोळच्या बोटीवर गाडी रिव्हर्स चढवतात की सरळ. मला माहीत नव्हतं. आज पहिल्यांदा तसं सांगितलं: "खबर नथी. हुं कदी गयो नथी." त्यांनी मान वर करून बघितलं. "कोंकण?" मी म्हणालो, कधीच नाही, आम्ही खान्देशातले. ते मोठ्याने हसले. "तो अत्यार सुधी शुं हतुं?" मग इतके दिवस काय होतं, असं म्हणत पुन्हा नट आवळायला लागले.

तिथेच पुढचं वाक्य बोलायचं होतं. अर्धं खरं बाहेर आलं होतं, त्याच्या पाठोपाठ उरलेलं आलं असतं. इतक्यात ऋतू खाली धावत आली, डोक्यावर नवी टोपी, कशी दिसते विचारायला. छान दिसते म्हणालो. खरंच छान दिसत होती.

वर आल्यावर वै.ला सगळं सांगितलं. आखाजी काय, पहिली म्हणजे काय, कंपनीचं काम काय. ती कपडे घडी करत होती. करतच राहिली. शेवटी एवढंच विचारलं, "आईंना कळून तीन दिवस झाले, आणि मला आज?" बॅग अर्धी भरलेली तशीच पलंगावर आहे. तिने पुढे भरली नाही आणि रिकामीही केली नाही.

उद्या: घागर आणणे. लाल.