अनंताच्या फुलाबाबत खुलासा

टॅम्पिनीस, सिंगापूर
फाल्गुन महिना (तिथी माहीत नाही, कालनिर्णय अनघा सोबत घेऊन गेली आहे)

ती. आईंना,

निशिकांतचा साष्टांग नमस्कार. आशीर्वाद डाव्या हातानेच द्या; उजवा प्लास्टरमधून निघेपर्यंत हलवू नका. मनगटाची सूज उतरली का? झोप लागते का? जुईचा वेल तारेवर चढवायला या वयात स्टुलावर उभं राहू नये, हे मी लिहिणार नाही. ते अनघा रोज सांगत असेल आणि तुम्ही रोज ऐकत नसाल. इकडे आम्ही बापलेक मजेत आहोत. क्षिप्राचा अभ्यास चालू आहे असं ती म्हणते.

पत्र लिहितोय, कारण फोनवर बोलायची सोय नाही. तुमच्या घरात फोन कायम स्पीकरवर असतो आणि अनघा शेजारी असते. माझ्या ऑफिसातला प्रबोध उद्या साताऱ्याला त्याच्या घरी निघालाय, तो हे तुमच्या हातात देईल (डाव्या). विषय नाजूक आहे. तेव्हा मुद्द्याचं आधीच लिहून टाकतो. आई, फ्लॉवर हे कोणा बाईचं नाव नाही.

गेल्या आठवड्यात फोनवर तुम्ही मला 'जावईबापू' म्हणालात. लग्न झाल्यापासून तुम्ही मला निशिकांत म्हणत आलात. रागावलात तरी निशिकांतच. त्या 'जावईबापू'ने माझ्या घशाखाली घास उतरेना. मग आमच्या शेजारीण मिसेस गो यांनी तुम्हाला फोन केल्याचं कळलं आणि सगळा उलगडा झाला. तर आता पहिल्यापासून सांगतो.

आमच्या कॉरिडॉरमध्ये अनघाची बाग आहे. (दाराबाहेरचा कठडा, त्याला लागून कुंड्यांची रांग, मधून माणूस जाईल एवढी वाट. पण तुमच्यासमोर 'कुंड्या' म्हटलं तर कमीपणा वाटतो, म्हणून बाग.) त्यात एक अनंत आहे. तुमच्या अंगणात आहे तसाच हवा म्हणून तिने हौसेने आणला. पण इथे आल्यापासून त्याला कळ्या येतात, मटाराएवढ्या होतात आणि गळून पडतात. निघताना अनघाने सगळ्या कुंड्यांच्या सूचना दिल्या, आणि अनंतापाशी येऊन म्हणाली, "याचं काही करू नकोस. हा तसाही फुलणार नाही."

ती असं म्हणाली आणि मला फारच लागलं. अनघा कुठल्याच बाबतीत 'होणार नाही' म्हणणारी बाई नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मी ठरवलं, ती परत येईल तेव्हा दारात अनंत फुललेला असेल.

त्याच सुमारास इथे चिनी नववर्ष होतं. त्यालाच हे लोक वसंताचा सण म्हणतात. बाहेर कायमचा वैशाख, पण लिफ्टपाशी छोट्या संत्र्यांची लगडलेली झाडं, दारोदारी लाल कागद. मिसेस गो यांच्या दाराशीही तसं एक झाड आलं. या बाई निवृत्त गणिताच्या शिक्षिका, यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा मेलबर्नला. त्यांनी संत्री आणून दिली आणि विचारलं, "युअर वाइफ वेअर?" मी सरळ मनाने सांगितलं की ती आईकडे गेली आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की आपण काय बोलून बसलो ते मला दार लावल्यावर कळलं. बायको आईकडे गेली, याचा अर्थ साताऱ्यात आणि सिंगापुरात एकच होतो.

इकडे मी अनंताचा अभ्यास सुरू केला. त्याला कळी धरायला गार रात्री लागतात, असं वाचलं. सिंगापुरात गार रात्र एकाच ठिकाणी मिळते, आमच्या बेडरूममध्ये, एसीखाली. मग रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो, की मी कुंडी चाकांच्या पाटावर ठेवून आत घ्यायचो आणि सकाळी बाहेर नेऊन उन्हात ठेवायचो. खिडकीकडची बाजू अनघाची, तिथेच एसीचा झोत येतो, म्हणून कुंडी त्याच बाजूला. यात दुसरा काही अर्थ नाही. (उशी मी हलवली नाही. कुंडीला टेकून होती.)

चाकांचा आवाज फार. मिसेस गो रोज दार किलकिलं करून बघायच्या. शेवटी त्यांनी क्षिप्राला गाठलं. तुमची नात म्हणजे तुम्हाला माहीतच आहे. "या लाह, आंटी, ही स्लीप्स विथ द फ्लॉवर नाउ," असं सांगून ती शाळेला निघून गेली. ('ही' म्हणजे मी, आणि 'लाह' म्हणजे इथलं 'बरं का'.) त्या दिवसापासून माझ्या दाराशी सूप येऊ लागलं. (मी शाकाहारी, हे कळल्यावर त्यात मशरूम आले आणि माझ्याबद्दलची कणव आणखी वाढली.)

पुढे कुंडीतून मुंग्या निघाल्या. त्या आधी उशीत गेल्या, मग माझ्या ऑफिसच्या शर्टात. तांजोंग पगारच्या ऑफिसात मीटिंगमध्ये मी साहेबांसमोर असा काही खांदा उडवला, की त्यांना वाटलं माझा बजेटला विरोध आहे. मुंग्या आल्या कशाने, तर पानांखाली पांढरा पिठ्या ढेकूण झाला होता. त्यावर तुमचाच उपाय आठवला, आंबट ताक आणि हिंग. मी ताक आंबवलं. इथल्या हवेत ते लगेचच आंबलं, आणि मग थांबेना. फवारलं तेव्हा सगळा मजला दरवळला. समोरच्या घरातल्यांनी खिडक्या लावून घेतल्या. मिसेस गो यांनी मला हळूच अंगाचा साबण आणून दिला. बाईंची खात्रीच झाली, की या माणसाने आंघोळ सोडली.

यानंतरच त्यांनी क्षिप्राकडून अनघाचा नंबर घेतला. अनघा तेव्हा तुमचं औषध आणायला गेली होती आणि फोन तुम्ही उचललात. त्या बोलल्या घाईघाईत, इथल्या इंग्रजीत, आणि त्यातून तुमच्या हाती हजबंड, बेड आणि फ्लॉवर एवढेच शब्द लागले असणार. तरी तुम्ही अनघाला काही सांगितलं नाहीत. नुसतं मला जावईबापू म्हणालात. आई, एवढा वेळ गप्प राहणं तुम्हाला किती जड गेलं असेल, या विचाराने मला अजून कानकोंडं होतं.

आता शेवटचं. गेल्या रविवारी सकाळी कुंडी बाहेर नेली आणि पाहतो तो काय, एक कळी उमललेली! पांढरीशुभ्र, लोण्यासारखी. ताकाच्या वासावरही तिने मात केली. मी क्षिप्राला उठवलं, मिसेस गो यांची बेल दाबली. त्यांनी चष्मा वर करून वास घेतला आणि तिथेच शूज ठेवायच्या बाकावर बसल्या. मग फोनची गोष्ट त्यांनी स्वतःहून सांगितली. मी जरा घुश्शातच म्हणालो, की आमचं भांडण वगैरे काही झालेलं नाही, तुमचा गैरसमज झाला.

"आय नो," त्या म्हणाल्या. "क्वॉरल मॅन डोंट कॅरी पॉट एव्हरी डे."

मग म्हणाल्या, की नवरा इस्पितळात होता तेव्हा त्यांनी त्याच्या कुंड्यांकडे पाहिलंही नाही, सगळी झाडं गेली. आणि तो घरी आल्यावर झाडांबद्दल एक शब्द बोलला नाही, ते त्यांना अजून टोचतं. "यू मिस हर, यू डोंट से. सो आय से फॉर यू." एवढं बोलून त्या सूप गरम करायला आत गेल्या. मी फुलाकडे बघत उभा राहिलो. डोळ्यांत हिंग गेला असावा.

तर खुलासा एवढाच. अनघाला काही सांगू नका. तुमच्या मनातलं मळभ जावं, हीच इच्छा.

आपला,
निशिकांत (जावईबापू नव्हे)

ता. क. – अनघा पाडवा करूनच येते म्हणते. खुशाल राहू दे. तुमचा हात आधी. आमची अजिबात ओढाताण होत नाही.

ता. क. दुसरा – वरचा ता. क. सभ्यपणापोटी लिहिला. पाठवा तिला. प्लास्टर निघालं की पाठवा. आणि तुम्हाला एकटं टाकून ती निघणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून तुम्हीही या. जुईला पाणी घालायचं तुमच्या शेजारच्या ऋतावहिनींनी कबूल केलंय. त्यांना मीच फोन केला होता. स्पीकर बंद करायला सांगून.

ता. क. तिसरा (हा माझा, क्षिप्राचा) – आजी, बाबा पाकीट चिकटवायला ग्लू शोधतोय म्हणून मी फास्ट लिहिते. माझं मराठी स्पेलिंग सॉरी हं. तू ये असं बाबा आत्ता सांगतोय ना, पण तुम्हा दोघींची तिकिटं त्याने लास्ट वीकच बुक केली. डेट चेंज होत नाही. सो हात लवकर बरा कर लाह.