न धुतलेला सदरा

प्रिय लोळ्या,

अक्षर वेगळं दिसलं म्हणून दचकू नकोस, आजी तीच आहे. नेहमी तुझी आई लिहून देते. आज गिरणीवाल्याला धरलाय. गिरणी मुद्दाम चालू ठेवायला लावली, म्हणजे माझं बोलणं दुसऱ्या कुणाच्या कानी जायला नको. तो कुरकुरतोय, आजी, जरा दमानं सांगा, हात दुखतो. म्हटलं, लोकांच्या पिठातून मूठभर काढताना बरा दुखत नाही मेल्याचा! हेही लिही म्हणून सांगितलंय. कागदाला पीठ लागलं असेल तर झटकून वाच.

तुझ्या मागच्या पत्राला किती दिवस झाले, ते मी मोजत नाही. आळशी माणूस, कंटाळला असेल, असं सगळ्यांना सांगते.

घरचं म्हणशील तर शेत अर्धंच पेरलं. बैल लढाईच्या गाड्या ओढायला नेले. तुझ्या वडिलांनी एका बाजूनं स्वतःच जू उचललं, दुसरीकडे मी जाऊन उभी राहिले. तर म्हणतात कसे, आई, तू सरक, तूच एवढी वाकलीस तर नांगराचं तास सरळ कसं येईल? त्यानंतर ते हसलेले मला आठवत नाहीत. कुदळीनं खणतात, जेवतात, पुन्हा खणतात.

गाय मात्र ठेवली. त्या द्वाडीला कोण नेतो? तुला तिनं चरवीसकट शेणात बसवलं होतं, विसरला नसशील. तुझ्या दादाशिवाय कुणाला धार दिली नाही तिनं. म्हणून तर पलटणीत जाताना त्यानं स्वतःचा चौकडीचा सदरा अंगातून काढून आईला दिला, हा घालून बस म्हणाला, आणि धुवू नकोस. तेव्हापासून तुझी आई तो चढवूनच गोठ्यात जाते. गाय बाही हुंगते आणि पान्हा सोडते. सदऱ्याला असा दर्प, की माशीसुद्धा विचार करून बसते. मी नुसतं बादलीकडे पाहिलं तरी तुझी आई सदरा पोटाशी धरून उभी राहते.

गिरणीवाला आता मान खाली घालून लिहितोय. पुढचं त्याला ठाऊक आहे.

गेल्या महिन्यात पलटणीतून गाठोडं आलं. दादा जाताना घालून गेलेला निळा सदरा, स्वच्छ धुतलेला, घडी केलेला, आणि वर एक कागद. तुझ्या आईनं कागद वाचला आणि तो सदरा घालून गोठ्यात गेली. गायीनं हुंगलं, तोंड फिरवलं, चरवी लाथाडली. तुझी आई हसतच बाहेर आली. म्हणाली, बघा, हा त्याचा नाहीच, मुक्या जनावराला कळतं. लेकरा, त्या सदऱ्याचं गळ्याचं बटण मी लावलंय. निघताना, त्याच्या अंगावरच, उंबऱ्यात. निळा दोरा संपला म्हणून लाल घेतला होता. लालच आहे. मी बोलले नाही. तुझ्या वडिलांनीही बटण पाहिलं आणि कुदळ उचलली.

आता चौकडीच्या सदऱ्याला तुझ्या आईचाच वास यायला लागलाय. गाय हुंगत राहते, पुन्हापुन्हा हुंगते, दूध रोज कमी देते. जोवर ती ओळखते तोवर दादा आहे, असं तुझ्या आईनं धरलंय. ज्या दिवशी गाय तोंड फिरवील, त्या दिवशी तुझी आई गोठ्यातून उठायची नाही. म्हणून हे पत्र. एकाच ताग्यातला चौकडीचा सदरा तूही लढाईवर जाताना नेलायस. एका गोधडीत वाढलात दोघं, वास काही फार वेगळा नसेल. तो आठ-दहा दिवस अंगावर वागव, घामानं भिजव, आणि गिरणीच्या पत्त्यावर पाठव. खुंटीवरचा मी बदलीन. म्हातारीचा संशय कोण घेतो? गाय फसेल की नाही, देव जाणे. दुसरं काही सुचत नाही. आजन्म आंघोळीचा कंटाळा केलास, आता तो कामी आण. पण मळकाच येऊ दे रे. धुतलेला एक आहे घरात.

तुझीच, वाकडी
आजी