नारळाच्या वासाचं गिऱ्हाईक

३ फेब्रुवारी, मंगळवार

नवीन लोशनांचा खोका आला. नावं वाचून हसावं की दुकान विकावं? 'मिडनाइट एम्प्रेस'. 'टायगर किस'. बाहेर इंग्लंडातल्या या विगन गावचा गारठा, माणसं कोटात गुरफटून पाय ओढतायत, आणि आमच्या गिऱ्हाइकांना व्हायचंय वाघीण!

बर्नीनं (माझी बहीण, अर्ध्या दुकानाची मालकीण, अख्ख्या दुकानाची हुकूमशहा) फर्मान काढलंय, यंदा झोंबणारं लोशन जास्त खपवायचं. लावून टॅनिंगच्या पेटीत, म्हणजे कातडी तांबूस करणाऱ्या दिव्यांखाली, पडलं की अंगाला मिरची फासल्यासारखं होतं. माणूस लालबुंद होऊन बाहेर येतो, वर आभार मानतो. "झोंबलं की त्यांना वाटतं, गुण येतोय," इति बर्नी.

लग्नाबद्दल मलाही तसंच वाटायचं.

५ फेब्रुवारी

आज एक म्हातारा आला. कडक इस्त्रीची पँट, डोक्यावर चपटी टोपी. पेटीत नाही जायचं म्हणाला, नुसती लोशनं बघायचीत. बघायची म्हणजे — हुंगायची! एकेक झाकण उघडतो, डोळे मिटतो, नाक आत. "हे नव्हे." पुढची बाटली. "हेही नव्हे." मागे बायका खोळंबल्या. शेवटी एका वापराची एक पुडी घेतली, तीही माझ्यावर उपकार म्हणून.

बर्नी म्हणाली, "विकृत असणार. परत आला तर पोलिसांना फोन लाव."

"आणि सांगू काय? लवकर या, एक आजोबा व्हॅनिला हुंगतायत?"

१० फेब्रुवारी

हुंग्या परत आला. पोलिसांना फोन केला नाही. कंटाळा.

१२ फेब्रुवारी

आज तोंडावर विचारलं. "काका, हा काय प्रकार आहे?"

नाव लेनर्ड हेस्केथ. बायको अॅव्हरिल, इथेच मागच्या गल्लीत वृद्धांच्या होममध्ये. सगळं विसरलीय. याला कधी डॉक्टर समजते, कधी खिडकी दुरुस्त करायला आलेला माणूस. "परवा मला चहा विचारला. फार अदबीनं."

आणि मग एक दिवस तिथली एक नर्स सुट्टीत उन्हात भाजून आली, हाताला कसलंसं क्रीम. अॅव्हरिलनं तो हात धरला, हुंगला आणि खळखळून हसली. नंतर ते क्रीम यानं विकत घेऊन नेलं. उपयोग शून्य.

"तरुणपणी दर शुक्रवारी ती लोशन चोपडून पेटीत पडायची," म्हणाला. "नारळाचा वास होता. मग नाचायला जायची. मला नाचता येत नाही. मी जिन्यात उभा राहून निरोप द्यायचो. ती गेली तरी जिना दरवळत राहायचा."

मी एक चांगलंसं खोचक वाक्य तयार ठेवलं होतं. गिळलं. चव वाईट होती.

१७ फेब्रुवारी

सगळं कपाट काउंटरवर! आंब्याचं — "हा साबण." व्हॅनिला — "हे कस्टर्ड." वाघीण — "हा माझा मेव्हणा, ख्रिसमसच्या दिवशी." (माणूस विनोदी आहे. कुणी सांगितलं नव्हतं.) सगळ्यात खालच्या फळीवर एक बुटकी तपकिरी बाटली पडून होती. झाकणावर खडे नाहीत, चकचकाट नाही, म्हणून कुणी घेत नाही. त्यानं हुंगली आणि थांबला. पुन्हा हुंगली.

"हेच. पण नाही... हे थंड आहे."

माझ्या डोक्यात उजेड पडला. तो वास बाटलीत नसतोच. लोशन अंगावर तापतं, कातडी जराशी भाजते, तेव्हा तो येतो. आमच्या केसांत, टॉवेलांत, घरच्या उशीतसुद्धा तोच असतो. मला आता तो येतही नाही.

"मग झोपतो मी त्या पेटीत," म्हणाला आणि टोपी काढलीसुद्धा!

औषधं कुठली घेता, विचारलं. हृदयाच्या गोळ्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या — खिशातून डबीच काढून दाखवली. "काका, तुम्ही आत जाल आणि टोस्ट होऊन बाहेर याल. मग पेपरात फोटो माझा."

त्याचा चेहरा बघवेना. पाठीवरचा तीळ डॉक्टरांनी कापून काढल्यापासून मी स्वतः पेटीत गेलेले नाही. लोकांना पाठवते मात्र हसतमुखानं. तरी बाही वर केली, लोशन चोपडलं आणि भट्टीत पाव सरकवावा तसा नुसता हात आत घातला. बर्नी दारातून बघत होती. "तुझं डोकं फिरलंय!" असेल.

हात काढून पुढे केला. त्यानं मनगट नाकाशी नेलं. मान डोलावली, आणि डोलावतच राहिला. पण होममधली भेटायची वेळ संपली होती. उद्यापर्यंत वास टिकणार थोडाच!

"परवा तिकडे येशील?" त्यानं एवढंच विचारलं.

१९ फेब्रुवारी

दुपारी हात तापवला, कोटात गुंडाळला, निघाले. "कुठे?" बर्नी. "हात पोचवायला."

अॅव्हरिल खिडकीशी होती. केस विंचरलेले, नजर कुठेच नाही. लेनर्ड माझ्या मागे उभा. मी हात पुढे केला. तिनं धरला. नाकाला लावला. हसली! आणि माझ्या खांद्यावरून त्याच्याकडे बघितलं. थेट त्याच्याकडे.

"किती रे उशीर, डेस्मंड!"

लेनर्डनं टोपी काढली. "बस चुकली गं," म्हणाला आणि तिच्या शेजारी बसला. तिनं त्याचा हात मांडीवर घेतला, तो सोडलाच नाही.

बाहेर आल्यावर न राहवून विचारलं — डेस्मंड कोण?

"कुणास ठाऊक," म्हणाला. "शनिवारी जमेल का तुला?"